ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे: मानसशास्त्राच्या प्राथमिक संज्ञांविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मानसशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमातील व्याख्या पाठ आहेत, परंतु एखादा प्रसंग समोर ठेवून ‘ही कोणती संकल्पना?’ असे विचारले की उत्तर चुकते. ऋण प्रबलन आणि शिक्षा, वेदन आणि संवेदन, विश्वसनीयता आणि वैधता या जोड्यांत तर हमखास गल्लत होते. शिवाय एका पुस्तकात एक मराठी शब्द आणि दुसऱ्यात दुसरा, त्यामुळे नेमके काय लक्षात ठेवायचे, असेही विचारले आहे. मी हा विषय अनेक वर्षे शिकवते आणि समुपदेशनाचे कामही करते. या चुका अभ्यास कमी पडल्यामुळे होतात, असे मला अनुभवावरून वाटत नाही. मराठीत आधीच रुळलेल्या शब्दांना शास्त्राने वेगळा अर्थ दिला आहे आणि वाचताना जुना अर्थ नकळत पुढे येतो, हे त्यांचे मुख्य कारण आहे.

‘अबोध’ हा शब्द घ्या. आपण अबोध बालक म्हणतो तेव्हा निरागस, अजाण असे म्हणायचे असते; फ्रॉइडच्या सिद्धान्तात मात्र अबोध मन म्हणजे मनाचा असा भाग, ज्यातील इच्छा आणि आठवणी प्रयत्न करूनही जाणिवेत आणता येत नाहीत, पण वागण्यावर प्रभाव टाकत राहतात. ‘अहम्’चेही तसेच आहे. इदम्, अहम् आणि पराहम् या त्रयीतील अहमचा गर्वाशी काहीही संबंध नाही. इदमच्या तत्काळ तृप्तीच्या मागण्या, पराहमचे नैतिक दडपण आणि बाहेरचे वास्तव यांचा मेळ घालणारी ती यंत्रणा आहे, आणि म्हणूनच ज्याचा अहम् दुर्बल तो नम्र असेल असे मुळीच नाही. ‘संभ्रम’ म्हणजे बोलीत गोंधळ, तर मानसविकारांच्या अभ्यासात संभ्रम म्हणजे पुराव्याने न हलणारी चुकीची ठाम समजूत. संज्ञा समोर आली की आधी तिचा घरगुती अर्थ बाजूला काढून ठेवावा, हे पहिले काम.

आता ऋण प्रबलनाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गुण येथेच जातात आणि प्रत्यक्ष आयुष्यात सर्वांत जास्त उपयोगही याच संकल्पनेचा होतो. काही पुस्तके ‘नकारात्मक प्रबलन’ असा शब्द वापरतात आणि तेथेच घोटाळा सुरू होतो, कारण नकारात्मक म्हटले की आपल्या मनात ‘वाईट’ उमटते. ‘ऋण’ हा शब्द मला अधिक योग्य वाटतो, कारण तो गणितातील वजाबाकीची आठवण करून देतो आणि येथे नेमका तेवढाच अर्थ अभिप्रेत आहे. बी. एफ. स्किनर यांनी मांडलेल्या साधक अभिसंधानात, म्हणजे परिणामांमुळे वर्तन शिकले जाण्याच्या प्रक्रियेत, कोणत्याही वर्तनाविषयी दोनच प्रश्न विचारायचे असतात. वर्तनानंतर परिस्थितीत काही आले की काही गेले? आणि त्यानंतर ते वर्तन वाढले की घटले? आले तर धन, गेले तर ऋण. वाढले तर प्रबलन, घटले तर शिक्षा. म्हणजे ऋण प्रबलनात एखादी नकोशी गोष्ट नाहीशी होते आणि त्यामुळे वर्तन वाढते. ते प्रबलनच आहे. शिक्षेशी त्याचा संबंध नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. तीन वर्षांचे मूल मोबाइलसाठी रडत आहे. आई कामाच्या घाईत आहे. पाच मिनिटे ती नाही म्हणते, रडण्याचा आवाज चढत जातो, शेवटी ती मोबाइल मुलाच्या हातात देते आणि घर शांत होते. ही कोणती संकल्पना, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी फक्त मुलाकडे पाहतात आणि धन प्रबलन असे उत्तर देतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. रडण्यानंतर मुलाला मोबाइल मिळाला, म्हणून पुढच्या वेळी रडणे वाढेल. परंतु त्याच क्षणी आईचेही शिक्षण चालू आहे: मोबाइल देण्याच्या तिच्या कृतीनंतर कानावर आदळणारे रडणे थांबले, म्हणून तिची ती कृतीही पुढच्या वेळी लवकर घडेल. हे ऋण प्रबलन. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला शिकवायचे म्हणून काही केलेले नाही, तरी दोघेही शिकले. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी ‘कोणाचे वर्तन?’ हे ठरवणे अत्यावश्यक आहे. ते न ठरवता दिलेले उत्तर बरोबर आले तरी तो योगायोगच असतो.

याच प्रसंगातून आणखी दोन संज्ञा कळतात. समजा, आईने ठरवले की यापुढे रडल्यावर मोबाइल द्यायचाच नाही. प्रबलन थांबल्यावर वर्तन हळूहळू नाहीसे होते, त्याला विलोपन म्हणतात. परंतु विलोपनाच्या सुरुवातीला रडणे कमी न होता अनेकदा काही काळ अधिक जोराने होते. आई नेमकी तेव्हाच हरली आणि चौथ्या दिवशी तिने मोबाइल दिला, तर रडणे आता अंशतः प्रबलित झाले. दर वेळी प्रबलन मिळालेल्या वर्तनापेक्षा अधूनमधून प्रबलन मिळालेले वर्तन विलोपनाला जास्त काळ दाद देत नाही, हे प्रयोगांतून वारंवार दिसलेले आहे. ‘आम्ही सहसा देत नाही, कधीतरीच देतो’ असे पालक मला सांगतात तेव्हा त्यांचा समज असतो की यामुळे सवय कमी लागेल. त्यांना दोष न देता हे उलगडून सांगावे लागते.

शिक्षेच्या बाबतीतही हाच निकष लागतो. वर्गात मोठ्याने बोलणाऱ्या मुलाला शिक्षक ओरडले आणि त्यानंतर त्याचे बोलणे वाढले, तर ओरडणे ही त्या मुलासाठी शिक्षा ठरली नाही, ते प्रबलन ठरले. बहुधा सर्वांचे लक्ष मिळणे हेच त्याला हवे होते. देणाऱ्याचा हेतू काय होता हे येथे पाहिले जात नाही, वर्तनावर झालेला परिणाम तेवढा पाहिला जातो.

अभिजात अभिसंधान येथून वेगळे करायचे ते एका मुद्द्यावर. साधक अभिसंधानात प्राणी आधी काही करतो आणि मग परिणाम येतो, तर अभिजात अभिसंधानात आधी उद्दीपक, म्हणजे प्रतिसाद जागवणारी गोष्ट, येतो आणि प्रतिसाद आपोआप, इच्छेविना उमटतो. पावलॉव्ह हे मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि त्यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील कामासाठी मिळाले. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच कुत्र्यांना लाळ सुटते, या निरीक्षणाचा त्यांनी पुढे पाठपुरावा केला. अन्न हा अनभिसंधित, म्हणजे शिकण्याची गरज नसलेला, उद्दीपक आणि अन्नामुळे सुटणारी लाळ हा अनभिसंधित प्रतिसाद. मेट्रोनोमची, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राची, टिकटिक आधी तटस्थ होती. अन्नाशी वारंवार जोडली गेल्यावर ती अभिसंधित उद्दीपक झाली आणि केवळ तिच्यामुळे सुटणारी लाळ हा अभिसंधित प्रतिसाद. येथे विद्यार्थी अडखळतात ते लाळेपाशी, कारण दोन्हीकडे लाळच आहे. नाव ठरते ते लाळ कशामुळे सुटली यावरून. उदाहरण सोडवताना म्हणूनच प्रथम ‘शिकल्याशिवाय कशामुळे काय घडते?’ हे शोधावे. तेवढे सापडले की उरलेल्या दोन जागा आपोआप भरतात.

परीक्षेत ही दोन प्रकरणे स्वतंत्र असली तरी माणसाच्या भीतीत ती एकत्र नांदतात. मौरर यांनी १९४७ मध्ये मांडलेला द्विघटक सिद्धान्त हेच सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ येत असत. ते एकदा लिफ्टमध्ये अडकले होते आणि त्यानंतर लिफ्टचे दार दिसले तरी त्यांची छाती धडधडू लागे. हे अभिजात अभिसंधान. त्यांच्याबरोबर मी एका इमारतीत लिफ्टसमोर उभी राहिले होते. दार उघडले, त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, मग मागे वळून ते जिन्याकडे निघाले आणि तिसऱ्या पायरीवर त्यांनी दीर्घ श्वास सोडला. त्या सुटलेल्या श्वासात ऋण प्रबलन होते: जिना निवडला, भीती गेली, म्हणून जिना निवडणे पक्के झाले. भीती टिकून राहण्याचे कारण त्यांना अडकण्याच्या त्या जुन्या घटनेत दिसत होते. मला ते रोजच्या त्या सुटकेत दिसत होते. उपचारात पळवाट बंद करून, टप्प्याटप्प्याने, लिफ्टमध्ये काहीही वाईट न घडण्याचा अनुभव घेऊ दिला जातो. मात्र विलोपन म्हणजे पुसून टाकणे नव्हे. काही काळ गेल्यावर विलोपित प्रतिसाद अचानक पुन्हा डोके वर काढतो, याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात आणि ती पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही दिसली होती. ही एक संज्ञा रुग्णाला आधीच समजावून सांगितली, तर दोन महिन्यांनी एक दिवस पुन्हा छाती धडधडली म्हणून तो उपचार सोडून देत नाही. पाठ्यपुस्तकात तिला दोन ओळी मिळतात, याची मला नेहमी खंत वाटते.

वेदन आणि संवेदन ही जोडी तुलनेने सोपी आहे. ज्ञानेंद्रियांनी उद्दीपकाची नोंद घेऊन मेंदूकडे संदेश पाठवणे म्हणजे वेदन, आणि त्या संदेशाला मेंदूने अर्थ देणे म्हणजे संवेदन. वेदनेशी, म्हणजे दुखण्याशी, वेदनाचा एवढाच संबंध की दुखणे हेही अनेक वेदनांपैकी एक. म्यूलर-लायर आकृतीत सारख्या लांबीच्या दोन रेषा, टोकांवरील बाणांच्या दिशेमुळे लहान-मोठ्या भासतात. पट्टीने मोजून खात्री केल्यावरही त्या तशाच भासत राहतात, म्हणजे माहिती मिळाली तरी संवेदन बदलत नाही. हा भ्रम. येथे समोर वस्तू आहे, फक्त तिचा अर्थ चुकीचा लागतो. समोर काहीच नसताना आवाज ऐकू येणे किंवा आकृती दिसणे म्हणजे निर्वस्तुभ्रम, ज्याला आपण बोलताना भास म्हणतो. मराठीतील ही संज्ञा इतकी अन्वर्थक आहे की तिची फोड केली तरी व्याख्या हाती येते. आणि संभ्रम, वर म्हटल्याप्रमाणे, विचाराच्या पातळीवरचा: शेजारी आपल्या विचारांवर यंत्राने पाळत ठेवतात, अशी खात्री. भ्रम सर्वांना होतो. उरलेल्या दोहोंचा विकारांशी संबंध येतो, जरी झोप लागण्याच्या उंबरठ्यावर निरोगी माणसालाही क्षणभर भास होऊ शकतो.

स्मृतीच्या प्रकरणात काळाविषयीचा एक गैरसमज दूर करावा लागतो. ‘सकाळी काय केले ते आठवत नाही, माझी अल्पकालीन स्मृती कमजोर झाली आहे,’ असे लोक म्हणतात. सकाळची आठवण ही शास्त्राच्या दृष्टीने दीर्घकालीन स्मृतीतील बाब आहे. अल्पकालीन स्मृतीचा पल्ला, मनात उजळणी केली नाही तर, काही सेकंदांचाच असतो, आणि तिची क्षमताही मर्यादित असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सात, अधिक-उणे दोन घटक इतकी सांगितली. येथे ‘घटक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९४७२०२४ हे आठ अंक सुटे लक्षात ठेवणे जड जाते, पण १९४७ आणि २०२४ अशी दोन वर्षे म्हणून ते सहज राहतात. या जुळणीला गठन म्हणतात.

अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती या खरोखर वेगळ्या आहेत की केवळ वर्णनाच्या सोयीसाठी केलेले भाग, या शंकेचे उत्तर एका रुग्णामुळे मिळाले. हेन्री मोलेसन यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये, ते २७ वर्षांचे असताना, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग बऱ्याच अंशी काढण्यात आला. त्यानंतर ते नीट बोलत, सांगितलेले अंक लगेच परत म्हणून दाखवत, परंतु नव्या घटनांची आठवण त्यांच्यात मुरत नसे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांच्या चुका कमी होत गेल्या, आणि तरीही हे काम आपण पूर्वी कधी केले होते याची त्यांना कल्पना नसे. घटनेची आठवण आणि हाताचे कौशल्य या दोन वेगळ्या स्मृती आहेत, हे यातून उघड झाले. प्रसंगस्मृती आणि कार्यपद्धतीची स्मृती यांच्या व्याख्या विसरलात तरी आरशासमोर बसलेले मोलेसन आठवा. व्याख्या पुन्हा लिहिता येतील.

स्मृती ही ध्वनिमुद्रणासारखी नसते, हे दुसरे सूत्र. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरून विचारले. एका आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिली का, असे विचारले असता तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७, आणि वेगाविषयी काहीच न विचारलेल्या ५० जणांपैकी ६. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

याच प्रयोगावर संशोधनपद्धतीच्या संज्ञा बसवून पाहाव्यात, कारण त्या सुट्या वाचल्या तर कोरड्या वाटतात. संशोधकाने जे बदलले ते स्वाश्रयी परिवर्त्य, येथे प्रश्नातील क्रियापद. जे मोजले ते आश्रयी परिवर्त्य, येथे काचेविषयीचे उत्तर. ज्यांना वेगाविषयी विचारले नाही तो नियंत्रित गट. तो नसता तर ७ हा आकडा क्रियापदामुळे आला की लोक एरवीही तेवढे चुकतात, हे कळले नसते. ‘स्मृतीतील विपर्यास’ ही अमूर्त गोष्ट ‘नसलेल्या काचेला हो म्हणणे’ अशा मोजता येण्याजोग्या रूपात आणली, ही तिची कार्यात्मक व्याख्या. काही पुस्तके परिवर्त्याला चल म्हणतात आणि स्वाश्रयीला स्वतंत्र म्हणतात. वस्तू तीच आहे.

विश्वसनीयता म्हणजे मापनातील सातत्य आणि वैधता म्हणजे जे मोजायचे तेच मोजले जाणे. डोक्याचा घेर टेपने मोजून कोणी त्याला बुद्धी म्हणू लागला, तर आज, उद्या आणि परवा माप तेच येईल. विश्वसनीयता उत्तम, बुद्धीचे माप म्हणून वैधता नाही. याच्या उलट, ज्या चाचणीची उत्तरे विनाकारण रोज बदलतात ती वैध असू शकत नाही. बुद्धिगुणांकाच्या आधुनिक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचे माप, बहुधा १५ धरलेले असते, त्यामुळे सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतात. म्हणजे हा आकडा टक्केवारी नव्हे. समवयस्कांमधील स्थान तो दाखवतो.

सहसंबंधाविषयी, म्हणजे दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र बदलतात याविषयी, एवढेच सांगते की त्याचे चिन्ह दिशा दाखवते आणि संख्या ताकद. उणे ०.८ हा अधिक ०.४ पेक्षा प्रबळ सहसंबंध आहे. येथेही ऋण म्हणजे कमकुवत किंवा वाईट नव्हे. झोप कमी आणि चिंता जास्त असा सहसंबंध दिसला, तर झोप न झाल्याने चिंता वाढली असेल, चिंतेने झोप उडाली असेल, किंवा एखाद्या आजाराने अथवा कामाच्या ताणाने दोन्ही घडवले असेल. यातील कोणते खरे, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

शब्दांच्या वैविध्याबाबत माझी सूचना साधी आहे. आपल्या अभ्यासक्रमाचे पुस्तक ज्या संज्ञा वापरते त्याच उत्तरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापराव्यात आणि पर्यायी संज्ञा फक्त ओळखता याव्यात. वहीत संज्ञा एकेकट्या न लिहिता जिच्याशी गल्लत होते तिच्या शेजारी लिहाव्यात, आणि मध्ये दोघींना वेगळे करणारा एकच प्रश्न लिहावा. वेदन आणि संवेदन: नोंद झाली की अर्थ लागला? ऋण प्रबलन आणि शिक्षा: वर्तन वाढले की घटले? प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा: उत्तर स्वतः आठवायचे की समोरच्या पर्यायांतून ओळखायचे? व्याख्या वाचून ‘हे येते’ असे वाटते ती प्रत्यभिज्ञा असते आणि परीक्षेत मागितले जाते ते प्रत्यावाहन, म्हणून वही मिटून लिहिण्याचा सराव करावा.

शेवटी एका संज्ञेविषयी, जी प्रश्नात नव्हती, पण जिच्यातील चूक परीक्षेपुरती राहत नाही. स्किझोफ्रेनियासाठी आपण छिन्नमनस्कता म्हणतो. ऑयगन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मूळ शब्द वापरला तेव्हा विचार, भावना आणि वर्तन यांच्यातील परस्परमेळ तुटणे त्यांना अभिप्रेत होते. मराठीतला ‘छिन्न’ ऐकून मात्र एका देहात दोन माणसे राहतात, असे अनेकांना वाटते. तो विकार पूर्णपणे निराळा आहे. एका तरुणाच्या निदानानंतर त्याचे वडील माझ्यासमोर बसले होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘मॅडम, आत्ता माझ्याशी बोलला तो आमचाच मुलगा होता, की दुसरा?’ मी त्यांना सांगितले की दुसरा कोणी नाही; त्याला जे आवाज ऐकू येतात ते निर्वस्तुभ्रम आहेत, लोक आपल्या मागावर आहेत असे त्याला वाटते तो संभ्रम आहे, आणि या दोन्हींना घाबरलेला, औषधाची आणि सोबतीची गरज असलेला तो मुलगा तुमचाच आहे. त्यांनी हे दोन्ही शब्द माझ्याकडून कागदावर लिहून घेतले आणि ते बाहेर बाकावर बसलेल्या मुलाशेजारी जाऊन बसले.